पाहुणा कलावंत आणि यजमान गाव

आजचा विषय थोडा वेगळा आहे. कलावंत गावात येतो, काही दिवस राहतो, काम करतो, प्रदर्शन भरवतो आणि निघून जातो. कलाक्षेत्रात याला हल्ली 'रेसिडेन्सी' म्हणतात. शब्द नवा आहे, इंग्रजीतून आलेला आहे. पण महाराष्ट्रात ही गोष्ट किती जुनी आहे, आणि तिच्यातून गावाच्या पदरात काय पडलं, हे आज आपण पाहणार आहोत.

हा विषय आजऱ्यात का मांडायचा, असं कुणालाही वाटेल. मुंबईच्या कलादालनात मांडला असता तर तिथं ऐकणारे पुष्कळ मिळाले असते. पण तिथं हा इतिहास नेहमी पाहुण्याच्या बाजूनं सांगितला जातो. कोण आला, त्यानं काय केलं, वर्तमानपत्रात काय छापून आलं. यजमानाच्या बाजूनं तो सांगायचा तर गावात बसूनच सांगायला हवा. आणि आजऱ्याला यजमानपण नवं नाही. आजरा महाल हा इचलकरंजी जहागिरीचा भाग होता. घोरपड्यांच्या या जहागिरीत गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना आश्रय मिळाला, आणि महाराष्ट्रातलं ख्यालगायन त्यांच्या शिष्यांमार्फत पसरलं. गाणं झालं ते मुख्यतः इचलकरंजीच्या दरबारात. सारा मात्र आजऱ्याच्या भातशेतीतूनही जात होता. म्हणजे कलेच्या पोशिंद्यांत आपलं नाव पूर्वीपासून आहे, फक्त ते कुठं लिहिलेलं नाही. आज आम्हांला बोलायचंय ते या न लिहिलेल्या नावांबद्दल.

सुरुवात जवळच्या उदाहरणापासून करू. इथून आंबोलीचा घाट उतरलं की सावंतवाडी, आणि पुढं कुडाळजवळ पिंगुळी. तिथला ठाकर समाज चित्रकथी करतो. चित्रांची चळत असते, तिला पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि रामायण-महाभारतातलं आख्यान गाऊन सांगायचं. या मंडळींना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. ठरलेल्या देवळांत, ठरलेल्या दिवसांत त्यांची कला सादर होई. आपल्याकडं गोंधळी, बहुरूपी, कीर्तनकार येत, त्यांचंही तसंच. देवळात मुक्काम, गावातून शिधा, सुगीला धान्य. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, मानापमान होते, तिचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण तिच्यात एक गोष्ट होती ती लक्षात ठेवा. कलावंत पुढच्या वर्षी परत येणार, हे गावाला माहीत असायचं. त्यामुळं या वर्षी वाईट वागला, तर पुढच्या वर्षी त्याला जाब विचारता यायचा. आणि गावानं हात आखडला तर तोही पुढच्या वर्षी आख्यानातून टोमणा मारायला मोकळा होता.

पिंगुळीच्याच चित्रांचं पुढं काय झालं बघा. ही चित्रं बराच काळ 'पैठणी चित्रं' म्हणून ओळखली गेली, कारण संग्राहकांना ती पैठणच्या बाजूला मिळाली. काढणारे नि गाणारे पिंगुळीचे, नाव पैठणचं! वस्तू गावाबाहेर गेली की तिचं गाव पुसलं जातं, याचं हे आपल्या शेजारचं उदाहरण.

आता आधुनिक काळात येऊ. महाराष्ट्रातल्या खेड्यात नामवंत कलावंत येऊन राहिला, तिथल्या साहित्यातून आणि तिथल्या माणसांकडून त्यानं मोठं काम उभं केलं, याचं पहिलं ठळक उदाहरण फैजपूरचं. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं ५० वं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तोवर अधिवेशनं शहरांत भरत. गांधीजींचा आग्रह असा, की आता ती खेड्यात भरली पाहिजेत. म्हणून पूर्व खानदेशातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, केळीच्या पट्ट्यातलं फैजपूर निवडलं. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन.

उभारणीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांना बोलावलं. नंदलालबाबूंनी त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनात कलाप्रदर्शन लावलं होतं. पण इथं सगळं नगरच उभं करायचं होतं. आपण चित्रकार, वास्तुकार नव्हे, अशी त्यांची शंका होती. निष्णात माणूस नको, मनापासून करणारा हवा, अशा अर्थाचं उत्तर देऊन गांधीजींनी त्यांना तयार केलं. अट एकच, की साहित्य जवळपासचं आणि कारागीरही तिथलेच. मग बांबू, गवत, तट्ट्या, लाकूड यांतून मंडप आणि कमानी उभ्या राहिल्या. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलांनी ओढायचा रथही नंदलालबाबूंनीच सजवला. ग्रामोद्योगांचं प्रदर्शन भरलं. त्याच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी आवर्जून सांगितलं, की हे सारं स्थानिक साहित्य आणि स्थानिक श्रम यांवर उभं आहे.

फैजपूरनं दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक म्हणजे खेड्यातलं साहित्य मोठ्या, आधुनिक, सार्वजनिक कामाला पुरं पडतं. दुसरी म्हणजे शांतिनिकेतनचा चित्रकार आणि खानदेशातला सुतार एकाच मांडवाखाली काम करू शकतात. पण तिसरी गोष्टही बघा. अधिवेशन संपलं, नगर उतरवलं गेलं. कलेच्या इतिहासात फैजपूर नोंदलं गेलं ते नंदलाल बोस यांच्या चरित्रातलं एक पान म्हणून. बांबू वाकवणारे, तट्ट्या विणणारे हात त्या पानावर 'स्थानिक कारागीर' या दोन शब्दांत आले. गांधीजींनी त्यांचा उल्लेख तरी केला; पुढं लिहिणाऱ्यांना त्याचीही गरज वाटली नाही.

दीड वर्षाच्या आत, फेब्रुवारी १९३८ मध्ये, गुजरातेत हरिपुऱ्याला अधिवेशन भरलं. तेही तापीकाठचं खेडं, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. त्यासाठी नंदलालबाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० चित्रफलक केले. त्यांतले ८० हून अधिक नंदलालबाबूंच्या हातचे. त्यांचे विषय म्हणजे चांभार, सुतार, लोहार, पैलवान, वाजंत्री, कांडण करणाऱ्या बाया. हे फलक कलादालनात न लावता अधिवेशनाच्या नगरात, येता-जाता दिसतील असे लावले होते. शेतकरी चालत जाता जाता स्वतःचंच काम चित्रात बघत होता. पाहणारा आणि चित्रातला माणूस एकच, असं प्रदर्शन आपल्या देशात फार क्वचित झालं असेल. आज त्यांतले पुष्कळ फलक दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. जपले गेले हे उत्तमच झालं. पण ज्यांच्यासाठी काढले, त्यांच्यापासून ते लांब गेले, हेही खरं.

मग खेड्यात काही टिकून राहिलंच नाही का? राहिलं. त्यासाठी औंधला जावं लागतं. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, दुष्काळी माणदेशाच्या वेशीवर औंध आहे. तिथले अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक, आणि पुढं आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देणारे. त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं, ते १९३८ साली खुलं झालं. म्हणजे हरिपुरा आणि औंध एकाच वर्षातले. पण हेतू उलटे. हरिपुऱ्याला चित्र चार दिवसांसाठी लोकांकडं आलं, औंधला ते कायमचं राहायला आलं. तिथं राजा रविवर्मा आहेत, महाराष्ट्रातले चित्रकार आहेत, लघुचित्रं आहेत, युरोपातल्या चित्रांच्या प्रतिकृती आहेत. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं 'माता आणि मूल' हे दगडी शिल्पही आहे. ज्या शिल्पकारासाठी लोक लंडनला जातात, त्याचं काम बघायला आपल्याला औंधचा डोंगर चढावा लागतो!

पंतांनी कलावंतांना औंधात राहायलाही बोलावलं. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे सावंतवाडीकडचे, जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार, पुढं वेदांचे मोठे अभ्यासक. ते औंधात स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर नामवंत चित्रकार झाले आणि महाराष्ट्राचे कलासंचालकही. गावात चित्रं असली, चित्रकार राहत असले, की पुढच्या पिढीला ती वाट दिसते. औंधच्या बाबतीत एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हे सगळं राजाच्या इच्छेनं झालं. गावानं मागितलं म्हणून आलं नाही. राजा चांगला होता, म्हणून टिकलं. राजाच्या जागी संस्था असेल, सरकार असेल, धनिक असेल, तरी हा प्रश्न सुटत नाही. देणाऱ्याचं मन बदललं, तर पुढं काय?

आता स्वातंत्र्यानंतरचा काळ. ठाणे जिल्ह्यातला, आताच्या पालघरमधला डहाणू तालुका. वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. तो लिहितात सवाशिणी, आणि त्या वेळी गाणी म्हणते ती धवलेरी. लग्न झालं की चौकाचं काम संपलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाच्या कामातून भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांवर पोचले. हेच कुलकर्णी त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांना कागद देऊन आले होते. वारली पाड्यांवर त्यांनी नुसती पाहणी केली नाही, तिथं राहिले, रमले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा मशे रोज चित्रं काढतात, लग्न असो वा नसो, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मशे यांची चित्रं लागली. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ ला पॅरिसच्या गाजलेल्या 'मॅजिशियन्स द ला तेर' प्रदर्शनात समावेश, २०११ ला पद्मश्री. फैजपूरला जे झालं नाही, ते इथं झालं. 'स्थानिक कारागीर' या शब्दांमागून एक माणूस नाव घेऊन पुढं आला.

पुढची पायरी तर फारच वेगळी. रिचर्ड लाँग हे ब्रिटिश कलावंत. चालणं हीच त्यांची कला. चालता चालता दगड, माती, काटक्या मांडून रेषा नि वर्तुळं करायची. त्यांनी वारली मुलखात येऊन काम केलं, आणि २००३ साली जर्मनीत, ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात लाँग आणि मशे यांचं जोडप्रदर्शन भरलं. दोन नावं, बरोबरीनं. एकाचं वर्तुळ दगडांचं, दुसऱ्याचं तारप्याभोवती नाचणाऱ्या माणसांचं. आमच्या मते पाहुणा आणि यजमान एका ओळीत उभे राहण्याचा हा मोठा क्षण होता.

पण हिशेब पुरा मांडायचा तर दुसरी बाजूही मांडू. भिंतीवरचा चौक बायकांचा होता. कागद आला, बाजार आला, तेव्हा नाव झालं ते बहुतांशी पुरुषांचं. आणि आज साडीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर, सरकारी कुंपणावर वारली नक्षी दिसते, तेव्हा ती काढणारा वारली असतोच असं नाही. एका माणसाचं नाव झालं म्हणजे गावाचा हक्क शाबूत राहिला, असं होत नाही.

या अनुभवातून पुढच्या पिढीतल्या काही कलावंतांनी वेगळी वाट धरली. नवज्योत अल्ताफ या मुंबईच्या कलावंत. १९९७ पासून त्या छत्तीसगडमध्ये, आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तर मुलखात, कोंडागावला काम करू लागल्या. तिथं धातुकामातले मोठे कलाकार जयदेव बघेल यांचं शिल्पीग्राम होतं. राजकुमार, शांतीबाई, गेस्सूराम या तिथल्या कलावंतांबरोबर त्यांनी काम सुरू केलं, ते वर्षानुवर्षं. एक मुक्काम करून परतल्या नाहीत. पुन्हा पुन्हा जात राहिल्या. त्यांच्या एका कामाचं नाव 'नलपार', म्हणजे हातपंपाची जागा. पाणी भरायला जाणाऱ्या बायका-पोरींना काय त्रास होतो? खाली चिखल होतो, भरलेला हंडा जमिनीवरून डोक्यावर उचलताना कंबर मोडते. मग पंपाभोवती ओटे बांधले, हंडा मध्ये टेकवायला जागा केल्या, पाणी वाहून जायची सोय केली, आणि भिंतींवर तिथल्या कलावंतांनी शिल्पकाम केलं. दुसरं काम 'पिल्ला गुडी', लहान मुलांनी जमावं, खेळावं, चित्रं काढावीत अशा छोट्या वास्तू. हे प्रदर्शन बघायला कुणी तिकीट काढत नाही, उद्घाटनाची फीत लागत नाही. रोज सकाळी हंडा घेऊन येणारी बाई हीच त्याची प्रेक्षक. कामांवर नावं लागली ती सगळ्यांची.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण भिलारचं. पाचगणीजवळचं, स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ रोजी तिथं 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. ब्रिटनमधल्या हे-ऑन-वाय गावावरून ही कल्पना सुचली. सुरुवातीला २५ ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तकं ठेवली, कुठं घरात, कुठं देवळात, कुठं शाळेत. 'स्वत्व' या संस्थेच्या ७५ कलावंतांनी गावात मुक्काम करून भिंती रंगवल्या. कुठल्या घरात कथा, कुठल्या घरात चरित्रं, हे भिंतच सांगते. योजना सरकारी, चित्रं पाहुण्यांची. पण पुस्तकं ठेवलेल्या खोलीची किल्ली घरमालकाकडं. पुस्तक झाडून-पुसून ठेवणारा, आलेल्या वाचकाला पाणी देणारा तोच. म्हणून भिंतीवरचा रंग फिका झाला तरी गावाचं काम चालू राहतं.

आता थोडं लांब जाऊ. तिथलं एक गाव आजऱ्यासारखंच भाताचं आहे. जपानमधल्या निगाता प्रांतात एचिगो-त्सुमारी नावाचा डोंगराळ पट्टा आहे. हिवाळ्यात माणूस बुडेल इतका बर्फ, उन्हाळ्यात उतारावरची भातखाचरं. तरुण शहरात गेले, म्हातारे उरले, शाळा बंद पडल्या, घरं ओस. २००० सालापासून तिथं दर तीन वर्षांनी फ्राम किटागावा यांच्या दिग्दर्शनाखाली कलामहोत्सव भरतो. सुमारे ७६० चौरस किलोमीटरच्या मुलखात, बंद शाळांत, रिकाम्या घरांत, शेतात कलाकृती पसरलेल्या असतात. पहिल्याच महोत्सवात इलिया आणि एमिलिया काबाकोव्ह या जोडप्यानं एका शेतकऱ्याच्या खाचरांत नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी करणाऱ्या माणसांच्या आकृती उभ्या केल्या. शेताचा मालक शेती सोडायच्या विचारात होता. त्यानं आधी नकार दिला, मग होकार, आणि नंतर पुढंही काही वर्षं तो ती खाचरं कसत राहिला. आम्हांला या गोष्टीत शिल्पापेक्षा त्या नकाराचं महत्त्व वाटतं. शेत त्याचं होतं, म्हणून परवानगी त्याच्याकडं मागावी लागली. तो नाही म्हणू शकत होता, म्हणून त्याच्या होकाराला किंमत आली.

एवढं सगळं सांगून आता परत आजऱ्याकडं. आपला तालुका पावसाचा, हिरण्यकेशीच्या खोऱ्याचा, घनसाळ भाताचा आणि काजूचा. इथला माणूस पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेला. गिरण्यांत गेला, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझल्या तसा वाट सापडेल तिकडं गेला. वाड्या-वस्त्यांवर गणपतीला आणि यात्रेला उघडणारी, एरवी कुलूप असलेली घरं तुम्ही रोज बघता. शहरातल्या कलावंताला अशी घरं, अशी शांतता, असा पाऊस हवाच असतो. शहरात स्टुडिओची भाडी परवडत नाहीत. तेव्हा आज ना उद्या असा प्रकल्प या डोंगरांत येईल. यावा. आम्ही त्याच्या विरोधात मुळीच नाही. कोल्हापूरला कलापूर म्हणतात. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची ही भूमी आहे. तिच्या टोकाच्या तालुक्यानं कलेला दार बंद करावं, असं कोण म्हणेल?

पण दार उघडताना ऐंशी-नव्वद वर्षांचा हा अनुभव हाताशी असू द्या. फैजपूरनं शिकवलं, की काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा, नंतर ते सापडत नाही. हरिपुऱ्यानं शिकवलं, की गावात केलेलं काम आधी गावानं बघितलं पाहिजे, आणि मूळ काम बाहेर जाणार असेल तर निदान त्याची प्रत शाळेत किंवा वाचनालयात राहिली पाहिजे. औंधनं शिकवलं, की टिकायचं तर जागा लागते, पण ती एकाच माणसाच्या मर्जीवर उभी नसावी. डहाणूनं शिकवलं, की घरातल्या बाईची कला बाहेर जाताना तिचं नाव मागं राहू नये, आणि मोबदला कुणाला मिळतो हे उघड असावं. कोंडागावानं शिकवलं, की पाहुणा एकदा येऊन चालत नाही, तो परत आला पाहिजे.

यांतलं शेवटचं आम्हांला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जुन्या चित्रकथ्याला परत यावंच लागायचं, म्हणून तो गावाला बांधलेला होता. आजच्या पाहुण्याला तसं बंधन नाही. ते घालायचं असेल तर गावानंच घालावं लागेल. ग्रामसभेत ठराव करून म्हणता येईल, की या, राहा, काम करा. पण काम झाल्यावर ते आधी इथं दाखवा, इथल्या कारागिराला मुंबईच्या दरानं मजुरी द्या, आणि पुढच्या वर्षी याच दिवसांत परत येऊन काय झालं ते सांगा. यात कलावंताचा अपमान नाही. ज्याला खरंच गावाबरोबर काम करायचंय, त्याला हे सोपंच वाटेल. ज्याला फक्त पाठीमागं हिरवा डोंगर हवाय, तो आपोआप दुसरीकडं जाईल.

आणि एक. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी कुणा पाहुण्याची वाट बघितली नव्हती. आपल्या घरच्या गोठ्यात त्यांनी चित्रकथीचं आणि बाहुल्यांचं संग्रहालय मांडलं. आज तिथं लांबून लोक येतात, विद्यार्थी राहतात, शिकतात. पाहुण्यांना काय दाखवायचं, कुठं बसवायचं, हे यजमान ठरवतो. घाट उतरला की ते संग्रहालय आहे. तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी या सुट्टीत जरूर जाऊन यावं, आणि जाताना शाळेतली पोरं बरोबर न्यावीत.

आता प्रश्न विचारा.